त्यांच्या गावाला काय खातात

गेल्या जूनमध्ये मुलाने मला गाडीत घालून लडाखला नेलं. बायकोला जाऊन वर्ष व्हायला आलं होतं. "नाना, घरात बसून कुजताय तुम्ही. जरा निसर्ग बघा," म्हणाला. मुलगा राहतो गंगापूर रोडला, पाचव्या मजल्यावर. त्याचा निसर्ग म्हणजे गॅलरीतल्या चार कुंड्या, त्यातली एक प्लास्टिकची. माझा जन्म निफाडकडे धरणाच्या पाण्याकाठी गेला, आणि हा मला निसर्ग दाखवणार.

तरी गेलो. मला एकच गोष्ट बघायची होती.

दर हिवाळ्यात आमच्या हरभऱ्यात विटकरी रंगाची बदकं उतरतात. कोवळे शेंडे साफ करतात. बायको तेलाचा रिकामा डबा घेऊन बांधावर उभी राहायची, काठीने बडवायची आणि ओरडायची, "मेल्यांनो, तुमच्या गावाला खायला नाय का काय?" दर वर्षी तोच डबा, तोच सवाल.

एकदा जंगली रंगाचे कपडे घातलेला एक फोटोवाला बांधावर आला. तिला म्हणाला, "मावशी, लडाखहून येतात ती. एवढं सुंदर पाखरू हाकलता कसं?"

"तुमच्या ताटात बसवा मंग," ती म्हणाली.

पण जेवताना मला म्हणाली, "एकदा बघाया पाहिजे, खरंच काय खात्यात तिकडं." त्यानंतर ती आजारी पडली. बघायचं राहिलं.

तर आग्रा रोडने निघालो. गाडीत मुलगा, सून आणि नातवंडं. ओझर मागे पडलं तेव्हापासून नातवंडांचे फोन वर. डोंगर आला की डोंगराकडे पाठ करून उभे राहायचे, हसायचे, की झाला डोंगर बघून. वर चढत गेलो तशा मोटरसायकलवाल्यांच्या टोळ्या दिसायला लागल्या. गुडघ्याला ढाली, छातीला ढाली, जसे काय लढाईला निघालेत. नाकाला ऑक्सिजनचा डबा लावून नूडल्स खातात आणि त्याला धाडस म्हणतात. आमच्याकडे उसात बिबट्या असताना लोक पाणी भरतात, त्याला कोणी नाव देत नाही.

शेवटी एक तळं आलं. मुलगा म्हणाला, "दहा मिनिटं, नाना. पुढचा पॉइंट गाठायचाय." मी काठाने चालत सुटलो. धाप लागत होती. वळणापलीकडे ती दिसली. तीच. नर, मादी आणि मागे पिल्लांची रांग.

आजूबाजूला काय होतं? दगड. जिकडे बघावं तिकडे दगड. पाण्याच्या कडेला सतरंजीच्या रुंदीचं ओलं गवत, तेही पिवळट. सगळं कुटुंब तेवढ्यातच चोच मारत होतं. मी खाली बसलो.

मुलगा आला. "चला ना. अंधार पडायच्या आत पोचायचंय."

"तुझा पॉइंट तू बघ. माझा हाच हाय."

"बदकं? बदकं बघायला हजारो किलोमीटर आलात? ती तर आपल्याच शेतात येतात."

"म्हणूनच बसलोय."

त्याला काही कळलं नाही. कळेल अशी आशाही नव्हती. सुनेने मात्र गाडीतून शाल आणून माझ्या खांद्यावर टाकली आणि नवऱ्याला म्हणाली, "बसू दे रे त्यांना." त्या सबंध प्रवासात शहाणपणाचं एवढंच एक वाक्य मी ऐकलं.

परत आल्यावर गावातले विचारायचे, काय पाहिलं. सांगायचो, दगड पाहिले, आणि दगडांसमोर फोटो काढणारी माणसं पाहिली. पोटातलं सांगायचं ते माणूस आता घरात नाही.

थंडी पडली तशी बदकं आली, हरभऱ्यात उतरली. मी तिचा डबा काढला. त्यांना फुकट चारायला मी काही फोटोवाला नाही. बांधावर उभा राहून चांगला बडवला. उडाली.

ओरडलो मात्र नाही. तोंडापर्यंत आलं होतं, तिच्याच शब्दांत. पण त्यांच्या गावाला काय आहे ते मी बघून आलोय. आता ते त्यांना कोणत्या तोंडाने विचारू?