चार वाजता जुनं फर्मवेअर

चालत्या गाडीला खीळ घालायची खोड मला लहानपणापासून आहे. नेट चांगलं झकास चालत होतं. पण राउटरच्या सेटिंगमध्ये 'नवीन फर्मवेअर उपलब्ध', म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर नवं आलंय, असं दिसलं आणि मी सकाळी बटण दाबून मोकळी झाले. झालं! त्यानंतर दर दोन मिनिटांनी नेट गुल.

एरवी चार शिव्या घालून गप्प बसले असते. पण नवऱ्याचं जहाज त्याच दिवशी, आपल्या घड्याळात पाचला, परदेशातलं बंदर सोडणार होतं. मग पंधरा दिवस फोन नाही. जहाज सुटण्याआधी माझे सासरे व्हिडिओ कॉलवर देवाला गाऱ्हाणं घालतात आणि नवरा पलीकडून 'व्हय म्हाराजा' म्हणतो. गाऱ्हाण्याशिवाय तो कधी दर्यावर गेलेला नाही. आचऱ्यातल्या आमच्या घरात मोबाईलला रेंज नाही. ती मिळते वर डोंगरमाथ्यावर, सड्यावर, आणि पक्षाघातानंतर सासऱ्यांना पडवीच्या पायऱ्यासुद्धा उतरवत नाहीत.

उपाय एकच, जुनं फर्मवेअर परत चढवायचं. स्कूटर काढून सड्यावर गेले, कंपनीच्या साइटवरून जुनी फाइल फोनवर उतरवून घेतली, घरी येऊन लॅपटॉपमध्ये घातली आणि लॅपटॉप केबलने राउटरला जोडला. तोवर चार वाजले. सासरे खुर्चीत येऊन बसले होते, पुढ्यात नारळ आणि विडा मांडून.

"गो बाय, झाला?"

"होतंय, बाबा."

"तेचो फोन लागात मां?"

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझा तोल सुटला. "जरा गप्प बसा हो! माझं डोकं फिरवू नका."

ते मान खाली घालून विड्याची पानं सारखी करू लागले. चूक माझी आणि ओरडले त्या म्हाताऱ्या माणसावर. लाज वाटली, पण माफी मागायला तोंड उघडेना.

फाइल निवडून बटण दाबलं. टक्के चढू लागले. खाली तांबड्या अक्षरांत सूचना होती, वीज बंद करू नका. हे आमच्या लाईटला कोण सांगणार? मध्येच गेली तर राउटर कायमचा मेला. साठ टक्क्यांवर पंखा मंदावला. देवा, पाचच मिनिटं दे, मी मोठ्याने म्हटलं. पंखा पुन्हा गरगरला.

शंभर टक्के. राउटर आपसूक बंद होऊन चालू झाला. सगळी सेटिंग पुसली गेली होती, म्हणून पासवर्ड नव्याने घातला. दहा मिनिटं वाट बघितली, नेट तुटलं नाही. साडेचारला नवऱ्याला कॉल लावला. सासऱ्यांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही दोघं म्हणालो.

"माझो झील दर्यार जाता हा. तेका सुखरूप ने आणि सुखरूप घराक हाड."

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाणं एरवी इथे संपतं. त्या दिवशी त्यांचे हात जोडलेलेच राहिले.

"आणि म्हाराजा, माझी सून. घोव दर्यार, आणि हय माझ्यासारख्या लुळ्या माणसाचा सगळा ती करता. आज रागान बोलली, तां मनार घेव नको. तिका ह्या घरात कधी एकटा वाटाक नको."

नवरा पलीकडून जोरात 'व्हय म्हाराजा' म्हणाला. माझं 'व्हय म्हाराजा' राहूनच गेलं. ओढणी तोंडाशी धरून मी हमसाहमशी रडत होते.

सासरे माझ्याकडे बघत म्हणाले, "म्हण गो बाय. तू म्हटल्याशिवाय तेचा जहाज सुटाचा नाय."