वहिनींची वेबसाइट

लाँड्रीवाल्या वहिनींनी दुकानाची वेबसाइट स्वतःच करायची ठरवली, तेव्हा घरातले संगणकतज्ज्ञ, म्हणजे त्यांचे धाकटे दीर, पोट धरून हसले. या गृहस्थांनी एकदा प्रिंटर बंद करून पुन्हा चालू केला होता, तेव्हापासून घरात त्यांचाच शब्द अंतिम.

"वहिनी, कोडिंग म्हणजे कपड्यांच्या घड्या घालणं नव्हे," ते म्हणाले.

इस्त्रीच्या टेबलावर मोबाइल टेकवून वहिनी फुकटचे व्हिडिओ बघत शिकल्या. पान तयार झालं, पण दुकानाचा फोन नंबर काही केल्या दिसेना. इंटरनेटवर मदत मागितली, तर तिथल्या विद्वानांनी "आधी नीट शिका" असा मौलिक सल्ला दिला. शेवटी एका दुपारी चूक त्यांनाच सापडली. कोडमधला एक कंस बंद करायचा राहिला होता. वहिनी आनंदाने ओरडल्या आणि तेवढ्यात जळका वास आला. इस्त्रीखाली दिरांचा मुलाखतीचा शर्ट होता.

"हे काय केलंत?" दीर किंचाळले.

"भाऊजी, नंबर दिसायला लागला!"

आता वेबसाइट बघून गिऱ्हाइकं फोन करतात. दीर मात्र ज्याला त्याला सांगत सुटलेत, की या यशामागे त्यांचा फार मोठा त्याग आहे.