अठराशे दात

कारागिराचा उजवा हात थरथरायला लागून दोन वर्षं झाली होती. कवळ्या आणि दातांच्या टोप्या बनवणाऱ्या लॅबमध्ये त्याने तीस वर्षं मेणात दात कोरले. हात शाबूत असतानाच त्याने एक शहाणपणा केला होता: आपले उत्तमातले उत्तम अठराशे दात स्कॅन करून घरच्या कॉम्प्युटरात ठेवले होते. आता काम आलं की त्यातलाच एक दात उचलायचा, पडद्यावरच्या जबड्यात बसवायचा आणि लॅबच्या थ्रीडी प्रिंटरवर छापायला पाठवायचा. हाताचं लॅबच्या मालकाला अजून कळलेलं नव्हतं.

जुनं ग्राफिक्स कार्ड मात्र जबडा फिरवताना धापा टाकायचं. म्हणून शनिवारी सकाळी त्याने नवं आणून बसवलं, बटण दाबलं, आणि पडदा काळाठिक्कर. कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स होतं, भाचीने घालून दिलेलं. त्याने तिला फोन लावला.

"मामा, तुमची सिस्टीम पार म्हातारी झालीय. नव्या कार्डाला ओळखतच नाही ती."

"मग करून दे ना ओळख! चहाला बोलवू का दोघांना?"

भाची हसली, तिने जुनं कार्ड लावायला सांगितलं आणि एकेक कमांड सांगत गेली. डाव्या हाताने एकेक अक्षर शोधत त्याने सगळ्या टाइप केल्या. रविवारी दुपार झाली तरी नवं कार्ड लावलं की पडदा ढिम्म.

"आता नवी सिस्टीमच टाका," भाची म्हणाली. "बॅकअप घेतलाय ना?"

"घेतो गं. मला काय काल जन्मलेला समजतेस?"

त्याने जुनं कार्ड परत लावलं, 'दात' नावाचं फोल्डर कमांड देऊन बाहेरच्या डिस्कवर उतरवलं. पापणी लवायच्या आत काम झालं. मशीन शहाण्यासारखं वागलं म्हणून तो खूशच झाला. मग नवं कार्ड खोचलं आणि नवी सिस्टीम टाकायला घेतली. सगळी डिस्क पुसून नव्याने कुलूपबंद करू का, असं नव्या सिस्टीमने विचारलं. तो म्हणाला, कर बाई.

नवी सिस्टीम सुरू झाली, पडदा लखलखला. बायको चहा घेऊन धावत आली. "अहो, जमलं की!"

त्याने बाहेरच्या डिस्कवरचं 'दात' उघडलं. उघडेना. त्याच्यावर एक तुटका बाण होता.

चहा निवेपर्यंत त्याला आठवलं. चार वर्षांपूर्वी जागा संपली म्हणून त्यानेच खरे दात डिस्कच्या दुसऱ्या भागात हलवले होते आणि इथे तिकडे बोट दाखवणारी नुसती लिंक ठेवली होती. बॅकअपमध्ये घराचा पत्ता आला होता. घर त्याने स्वतःच्या हाताने पुसलं होतं.

त्याने भाचीला फोन लावून सगळं सांगितलं. "कुलूपबंद केलीत ना डिस्क? मग पुसलेलं परत नाही हो निघायचं काही, मामा."

"बरं," तो म्हणाला. सोमवारी सकाळी एक दाढ द्यायची होती. त्याने कपाटातून मेण काढलं, कोरणी काढली. पहिल्याच फटक्यात दाढेचा कोपरा उडाला. दुसऱ्या तुकड्याचंही तेच झालं. बायको शेजारी येऊन बसली आणि तिने त्याचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"हं, आता कोरा."

कोरणीचं टोक थरथरतच राहिलं, आणि त्याच्याबरोबर तिचेही हात.