दोर्ज आमच्या बेसमेंटमध्ये

घरात भाडेकरू ठेवला की किस्से फुकट मिळतात. त्यातून भाडेकरू मंगोलियाचा, धंद्यानं सायकल रेसर, आणि घरमालकीण माझी बायको मंगल असेल तर विचारूच नका! दोन वर्षांत इतके जमलेत की इथे कॅनडात, मिल्टनच्या मराठी मंडळात मला कोणी "कसे आहात" विचारतच नाही. थेट "दोर्ज काय म्हणतो?"

आला तेव्हा सामान काय, तर एक बॅग आणि तीन सायकली. तिन्ही बेडरूममध्ये! मंगल म्हणाली, "अरे, सायकली गराजमध्ये ठेव की."

"काकू, तिथे फार थंडी असते."

"मग गादी कुठे टाकणार?"

"गादी गराजमध्ये चालेल!"

*

आमचे मित्र डॉ. कुलकर्णी, रिटायर्ड. पुण्यात कॉलेजला सायकलवर जायचे, हे त्यांनी आम्हाला किमान शंभरदा ऐकवलंय. एका शनिवारी ते दोर्जबरोबर निघाले. दोर्जनं आधीच सांगितलं होतं, "आज माझी सुट्टी आहे डॉक्टर. नुसतं हॅमिल्टनपर्यंत, चाळीसेक किलोमीटर, जाऊन येऊ."

दुपारी मला फोन. "अरे, गाडी घेऊन ये. कुठे आहे ते विचारू नकोस, लोकेशन पाठवतो. आणि येताना उशी आण."

घरी आल्यावर मी दोर्जला विचारलं, डॉक्टर कसे चालवतात? पोरगा भारी सभ्य. म्हणाला, "पहिल्या चढापर्यंत फार छान बोलत होते."

*

ह्याच कुलकर्ण्यांनी त्याला विचारलं होतं, "मंगोलियाचा ना तू? मग घोडा सोडून सायकल कशी काय?"

"पडलो."

*

विंटरमध्ये तो बेसमेंटमध्येच सायकल स्टँडवर लावून तीन-तीन तास चालवतो. वर आमच्याकडे सत्यनारायण. खालून घर्रर्र! गुरुजी थबकले. "वहिनी, खाली गिरणी टाकलीत का?"

"हो. पण पीठ पडत नाही, नुसता घाम पडतो. तुम्ही चालू द्या."

*

त्याच्या टीमनं प्रत्येक घास मोजून खायला सांगितलेलं. दोर्ज भाताचा वाडगा काट्यावर ठेवायला लागला, तशी मंगल उखडली. "आमच्याकडे भात वाढतात, तोलत नाहीत!"

दोर्जनं काटा उचलला. दुसऱ्या दिवसापासून बाथरूमचा वजनकाटा डायनिंग टेबलाशी आणून ठेवला. जेवणाआधी स्वतः उभा राहायचा, जेवणानंतर पुन्हा. मंगलचा काही आक्षेप नव्हता. उलट आकडा कमी वाढला की आणखी एक पोळी वाढायची!

*

आता मागच्या सप्टेंबरची गोष्ट. सीझनची शेवटची रेस. मॅनेजरनं दोर्जला स्वच्छ सांगितलं होतं, पहिल्या तिघांत आलास तर पुढच्या वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट, नाहीतर सोमवारी घरी. मंगलनं दोन रात्री धड झोप घेतली नाही.

त्यात टीमचा मदतनीस आजारी पडला. चढावर उभं राहून दोर्जला बाटल्या द्यायचं काम मंगलकडे आलं. बाटल्यांत त्याच्या देशाचा चहा. दूध, आणि साखरेऐवजी मीठ! त्याला घरची आठवण येत असेल म्हणून ती इंटरनेटवर बघून शिकली होती. प्रत्येक रेसला स्वतः करून द्यायची.

दोन फेऱ्या राहिल्या. चौघं जण सगळ्यांच्या पुढे निघून आले, दोर्ज चौथा. मंगलच्या हातात तीन बाटल्या. पहिला आला, घामानं निथळत, त्यानं हात पुढे केला. हिनं दिली बाटली! दुसऱ्याला दिली! तिसऱ्याला दिली! दोर्ज आला तेव्हा हात रिकामा.

मॅनेजर डोकं धरून खाली बसला. मी ओरडलो, "अगं, हे काय केलंस?"

"पंगतीत पान सोडून पुढे जातात का?" म्हणाली खरी, पण मग काय झालं ते कळलं आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "अहो, पोराचं पोट मारलं हो मी माझ्या हातानं!"

आमच्याबरोबर आलेल्या कुलकर्ण्यांनी धावत जाऊन स्वतःची उष्टी पाण्याची बाटली दोर्जच्या हातात कोंबली. वयाच्या बहात्तराव्या वर्षी! त्या पळण्याबद्दल त्यांना सगळं माफ.

पुढे वळणावर त्या तिघांनी एकदमच घोट घेतला असावा. एकानं तो तिथेच थुंकून टाकला, दुसऱ्याला ठसका लागला. तिसरा बहाद्दर अख्खी बाटली प्यायला आणि पहिला आला! आमचा दोर्ज दुसरा. मॅनेजरनं तिथल्या तिथे हात मिळवून सांगितलं, कॉन्ट्रॅक्ट पक्कं.

मंगल अजून रडतच होती. "दोर्ज, चुकलं रे माझं. तुझा चहा मी दुसऱ्यांना वाटला."

दोर्जनं इकडेतिकडे बघितलं, मॅनेजर लांब गेल्याची खात्री केली आणि तिच्या कानाशी वाकला.

"काकू, रागावणार नसाल तर सांगतो. मला तो चहा अजिबात आवडत नाही. लहानपणापासून."