खटका

आमच्या दिव्याचं एकच रडगाणं: उजेड आत तयार होतो आणि बाहेर यायला मागत नाही. काचेवर सेंद्रिय पदार्थांचे केसाहून बारीक थर असतात. करंट दिला की ते उजळतात, पण बराचसा उजेड काचेतल्या काचेत घसरत कडेला जाऊन विझतो. काचेवर बारीक उंचवट्यांची फिल्म चिकटवून तो बाहेर काढायचा, ही माझी नोकरी. लालबागला आमच्या चाळीत बायका विचारायच्या, "काय दिवे लावतेस गं तिकडे?" हेच, म्हणायचे मी.

बाबा गिरणीत साच्यावर होते, कापड विणायचे. संप झाला आणि त्यांची गिरणी पुन्हा उघडलीच नाही. तेव्हापासून ते खाटेवर, भिंतीला पाठ लावून. बोलणं म्हणजे हूं आणि नाही. गॅलरीतून भिंत चाचपत जायचे. वय झालं, म्हणायचो आम्ही. एक रीत मात्र सुटली नाही. तिन्हीसांजेला आई ट्यूबचं बटण खाडकन दाबायची आणि बाबा उजेडाला हात जोडायचे.

"अगं हळू, बोर्ड उखडशील," मी रोज करवादायचे. आई ऐकायची नाही.

माझं काम बाबांनी एकदा तरी बघावं, एवढंच मला हवं होतं. म्हणून दिव्याचा एक चौकोनी तुकडा घरी आणला, अर्ध्या भागावर फिल्म लावलेला. कुठली बाजू जास्त उजळ, हे त्यांनी सांगायचं. तिन्हीसांज झाली होती, पण माझ्या सांगण्यावरून आईने ट्यूब लावली नव्हती. तुकडा त्यांच्यासमोर स्टुलावर ठेवला आणि त्याचं बटण दाबलं. खट् झालं.

बाबांनी हात जोडले. "बरो पडलो गो उजेड," म्हणाले. कित्येक महिन्यांत एवढं बोलले नव्हते.

दिवा लागलाच नव्हता. वायर निसटली होती. खोलीत काळोख.

मी आईकडे वळले. तिने मला मोरीपाशी ओढलं आणि कानाशी पुटपुटली, "माका म्हायत आसा. म्हणान तर बटण जोरात दाबतंय. तू काय बोला नको."

रडू आलं नाही. काहीच आलं नाही.

परत येऊन वायर जोडली. बटण आधीच दाबलेलं होतं. दिवा लागला. फिल्मची बाजू चांगली उजळ होती, हवी होती तशी. बाबांचा चेहरा, खाट, मागची भिंत, सगळं दिसायला लागलं. पण या वेळी आवाज झाला नव्हता. बाबांचे हात मांडीवरच राहिले.