पीपी नंबर

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. भावाला नाही, शाळेतल्या मैत्रिणींना नाही. देवापुढे बसून मनातल्या मनातसुद्धा, खरं सांगते, नीट शब्दांत कधी म्हटलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. असू दे.

आधी मी कशी बाई आहे ते कळू दे. रत्नागिरीतल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवत होते, वर्गात आणि वर्गाबाहेरही. आमचं घर खाडीकडे उतरणाऱ्या पाखाडीच्या वरच्या टोकाला. पाखाडी म्हणजे चिऱ्याच्या पायऱ्यांची वाट. दोन्ही अंगांना घरं, हिंदूंची नि मुसलमानांची. त्या घरांत कुणी काही भंपक बोललं की मी तिथल्या तिथे त्याची हजेरी घेणार. मोबाइल नवीन आले तेव्हा तर नुसता ऊत आला होता. उशाशी मोबाइल ठेवला की डोक्यात गाठ होते. टॉवरमुळे हापूसचा मोहर गळतो. एटीएममध्ये नंबर उलटा दाबला की पोलीस येतात. येतात म्हणजे? मशीनच्या मागे चहा पीत बसलेले असतात की काय? असं मी फाडकन विचारायची आणि समोरचा ओशाळून हसायचा. बाई सांगतात म्हणजे खरं असणार, ही माझी पाखाडीतली पत. ती ध्यानात ठेवा, कारण पुढे मी तीच वापरली.

माझ्याकडे फोन आला अठ्ठ्याण्णव साली. पाखाडीतला पहिला. मी एकटी; लग्न केलं नाही, जमलं नाही म्हणा. आई होती तोवर घरात आवाज होता. ती गेल्यावर फोन घेतला, तो वाजेल म्हणून. वाजायचाही. पण माझ्यासाठी नाही. ज्यांच्याकडे फोन नसे ते शेजाऱ्याचा नंबर द्यायचे आणि पुढे ‘पीपी’ लिहायचे. त्या काळातल्या माणसांना आठवेल. माझा नंबर असा अख्ख्या पाखाडीचा पीपी नंबर झाला. लग्नपत्रिकांवर, नोकरीच्या अर्जांवर, मुंबईतल्या चाकरमान्यांच्या पाकिटांत, सगळीकडे तो होता. मी उचलायची आणि ओटीवरून हाक मारायची.

पाखाडीच्या अगदी खाली, खाडीलगत हलिमाचाची राहायची. नवरा जहाजावर होता, तो कधीच वारलेला. एकुलता एक इम्तियाज कुवेतला. माझाच विद्यार्थी, गणितात ढ, पण हात सोन्याचे. तिकडे एसी दुरुस्त करायचा. शुक्रवार त्याचा सुट्टीचा. चाची तिसऱ्या प्रहरची असरची नमाज आटोपून, डोक्यावरची ओढणी नीट करत, हळूहळू पाखाडी चढून यायची. कधी सांदणांचा डबा, कधी नुसतीच. फोन पाचेक मिनिटांचा असे, पण चाची दिवेलागणीपर्यंत बसायची. मी चहा टाकायची. ती इम्तियाजचं बोलणं पहिल्यापासून सांगायची, जे मी शेजारी बसून ऐकलेलंच असायचं. मी पुन्हा ऐकायची. माझ्या सबंध आठवड्यात मी कुणाची तरी वाट पाहावी असा तेवढाच एक दिवस. हे आत्ता लिहिताना कळतंय असं नाही हो. तेव्हाही कळत होतं.

पुढे आणखी दोन-तीन घरांत फोन आले. हाका मारणं कमी झालं. पण इम्तियाजच्या तोंडात माझाच नंबर बसलेला. शुक्रवार शाबूत राहिला.

मग चाचीला घेरी यायला लागली. विहिरीवर पडली एकदा. इम्तियाज आला, मुंबईला घेऊन गेला आणि तिच्या छातीत, डाव्या बाजूला, पेसमेकर बसवून आणला. चाची त्याला ‘घड्याळ’ म्हणायची. परत जाताना तो म्हणाला, "बाई, अम्मीकडे बघा." बघणारच होते की.

आणि मग काही महिन्यांनी, कुवेतहून येणाऱ्या कुणाच्या तरी हातून, त्याने मोबाइल पाठवला.

चाचीने तो पहिल्यांदा माझ्याकडे आणला. डबा उघडला; मोबाइल निळसर रंगाचा, हातात मावेल एवढासा. आता जिना-पाखाडी चढायला नको, अम्मी, घरबसल्या बोलू, रोज बोलू, असं त्याने सांगून पाठवलेलं. चाची त्याच्यावरून बोटं फिरवत होती आणि लहान पोरीसारखी हसत होती. मी काय केलं? मी चहा टाकायला आत गेले आणि चुलीशी नुसती उभी राहिले. रोज बोलू. मग शुक्रवारी कशाला येईल ही?

मी काही म्हटलं नव्हतं, बरं का. शंका तिनेच काढली. मच्छीमार्केटात कुणीतरी सांगितलं होतं की मोबाइलच्या लहरींनी छातीतलं मशीन बंद पडतं, माणूस उभ्या उभ्या जातो. "बाई, तुमी डागदरास विचारा ना. माझ्याशी तो धड बोलत नाय."

कोल्हापूरहून महिन्यातून एकदा हृदयाचे डॉक्टर यायचे. मी चाचीला तपासणीला घेऊन गेले. ती आत पडद्यामागे आडवी, छातीला वायरी लावलेली. मी बाहेर डॉक्टरांना विचारलं. ते हसले. म्हणाले, खुशाल वापरू दे की. उजव्या कानाला लावायचा, छातीवर ठेवायचा नाही, बस्स. उलट आजींना असं चढ-उतार करायला लावू नका, दम लागतोय त्यांना.

स्वच्छ, सरळ, दोन-तीन वाक्यं. मला कळली होती. मी विज्ञान शिकवणारी बाई, मला नाही कळणार?

रिक्षात बसल्यावर चाचीने विचारलं. रिक्षा मारुती मंदिराच्या चढावर होती, इंजिनाचा गोंगाट, तिने माझ्या तोंडाजवळ कान आणला. आणि मी...

मी म्हटलं, "डॉक्टर नको म्हणाले, चाची. धोका आहे."

झालं. एवढंच. काही तयारी नव्हती, काही बेत नव्हता, पण जीभही अडखळली नाही. चाची माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "अल्लाने तुमास पाठवलं बघा." तो हात किती हलका होता. मी रस्त्याकडे बघत राहिले.

तुम्ही म्हणाल, दुसऱ्या दिवशी दुरुस्त करायचं होतंस. होतं ना. कितीदा संधी आली. पुढच्याच शुक्रवारी इम्तियाज फोनवर म्हणाला, इथे माझा फोरमन आहे, त्याला पेसमेकर आहे, तो दिवसभर मोबाइलवर बोलतो. चाचीने घाबरून रिसीव्हर माझ्या हातात दिला. हीच ती वेळ होती. आणि मी वर्गात बोलते तशा ठाम आवाजात त्याला सांगितलं, की प्रत्येकाचं मशीन वेगळं असतं रे, डॉक्टरांना मी स्वतः विचारलंय. तो म्हणाला, "तुम्ही म्हणताय म्हणजे प्रश्नच मिटला, बाई." रिक्षातलं खोटं तोंडातून निसटलं असं एक वेळ म्हणता येईल. हे दुसरं निसटलेलं नव्हतं. हे मी बसवून, शोभेलसं सांगितलं.

मोबाइल चाचीच्या कपाटात, कपड्यांखाली गेला. आणि माझं खोटं पाखाडीत फिरायला लागलं. समोरच्या शेवंताच्या सासऱ्यांना नुसता दम्याचा विकार, पण त्यांनीही मोबाइलला हात लावायचं सोडलं. का? तर बाईंनी सांगितलंय. एका मुलीने वर्गात उठून विचारलं, "बाई, मोबाइलने हार्ट बंद पडतं ना?" दुसऱ्या कुणी तिच्या डोक्यात हे भरवलं असतं तर मी त्याला तासभर सोलून काढलं असतं. मी तिला म्हटलं, धड्यात नाही ते विचारू नकोस.

चाची शुक्रवारी येत राहिली. पाखाडी चढताना आता मध्ये बसायची. मी ओटीवरून बघायची. एकदा ती कडेच्या गडग्यावर हात टेकून किती तरी वेळ उभी होती, तोंड उघडं, श्वास पुरत नव्हता. मी खाली उतरले, हाताला धरून वर आणलं, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. लोक म्हणायचे, सख्खी लेक करणार नाही एवढं बाई करतात. आणि मला ते ऐकून — आता लपवून काय करू — बरं वाटायचं.

त्या शुक्रवारी मी अलोऱ्याला होते. भाऊ तिथे कॉलनीत राहायचा, भाचीचा साखरपुडा होता. दुपारच्या एसटीने परतायचं ठरलं होतं. वहिनी राहा म्हणाली. मला राहावंसं वाटलं. घरात माणसं होती, हसणं-खिदळणं होतं. राहिले. चाचीची आठवण आली नाही असं नाही. आली. वहिनीच्या घरात फोन होता. शेवंताकडे एक निरोप दिला असता तर काम झालं असतं. म्हटलं, कुलूप बघेल नि जाईल परत. पुढच्या शुक्रवारी बोलेल.

कुलूप बघून ती परत गेली नाही.

शेवंताने मला नंतर सांगितलं. बिचारी सहज सांगत होती. "बाई, चाची तुमच्या पायरीवर बसलेली, नि आत फोन वाजत होता. वाजला की ती उठायची, दाराला हात लावायची. थांबला की परत बसायची. मी म्हटलं, चला घरी, तर म्हणे, पुन्ना करील तो." अंधार पडल्यावर शेवंतानेच तिला धरून खाली नेऊन सोडलं. पहाटे नमाजला उठली नाही म्हणून शेजारणीने दार ढकललं.

मोबाइल असता तर ती जगली असती का? मला माहीत नाही. डॉक्टरांनाही मी कधी विचारलं नाही. पण त्या संध्याकाळी तिने मुलाचा आवाज ऐकला असता. घरात, खाटेवर बसून, उजव्या कानाने. तेवढं मला पक्कं माहीत आहे.

इम्तियाजला माती द्यायला पोहोचता आलं नाही. तो आला तो चार दिवसांनी, आणि आधी माझ्याकडे आला. हातात तो डबा, आतल्या मोबाइलवरचं प्लॅस्टिकही न काढलेलं. मी दारात उभी. वाटलं, कळलंय याला. तो वाकून माझ्या पाया पडायला लागला. म्हणाला, "बाई, तुम्ही होतात म्हणून अम्मी इतके दिवस जपली. हा तुम्हीच ठेवा. माझी तीच एक निशाणी समजा."

आता तरी बोलायचं होतं. तोंड उघडलं मी. आणि काय म्हटलं? बस, म्हटलं, चहा टाकते.

मोबाइल मी घेतला. त्यात कार्ड घातलं. इम्तियाजला नंबर दिला, कारण त्याने मागितला. "शुक्रवारी करीन, बाई, सवय आहे मला," तो म्हणाला.

तो करतो. एकही शुक्रवार चुकत नाही. जेवलात का विचारतो, गुडघ्याचं विचारतो, हिवाळ्यात शाल पाठवतो. कुवेतहून कुणी आलं की खजूर येतो. माझ्या घरात फोन वाजतो आणि तो माझ्यासाठी वाजतो.

मी उजव्या कानाला लावते आणि बोलते.