ऊन गेल्यावरही चमकणारा आरसा

भुताखेतांच्या बातम्या मी आयुष्यभर केराच्या टोपलीत टाकल्या. सांगणाऱ्याला दोन उलट प्रश्न विचारले की बहुतेक तिथेच संपतात. ही संपली नाही... म्हणून लिहितो.

गुजरात वेगळा होण्याच्या आधीचा हिवाळा. तलासरीकडे, उधव्याच्या पुढच्या डोंगरांत नकाशासाठी मोजणी चालू होती. पथकाचे प्रमुख माझ्या बहिणीचे यजमान. वर्तमानपत्रातून रजा काढून मी त्यांच्या तंबूत राहिलो होतो. पद्धत साधी. समोरच्या शिखरावरचा माणूस आरशाने ऊन आमच्याकडे फेकणार, भावोजी दुर्बिणीतून त्या ठिपक्याचा कोन घेणार. काम झालं की आम्ही आमचा आरसा चमकवायचा, मग त्याने उतरायचं.

त्या दिवशी रूपजी नावाचा तिथलाच शेतकरी आरसा घेऊन गेला. दुपारी ठिपका दिसला — स्थिर, पांढरा. कोन घेऊन झाला. भावोजींनी आरसा चमकवून खूण केली. ठिपका हलेना.

"झोपला वाटतं," भावोजी म्हणाले. "चला, मुक्काम हलवायचाय. येईल मागून."

"माणसाला सोडून?"

"पेपरवाले, त्याचंच रान आहे. तुम्ही हरवाल, तो नाही."

सामान बांधेपर्यंत आभाळ भरून आलं. आमच्या डोंगरावर, समोर, मधल्या खोऱ्यात — कुठेच ऊन उरलं नाही. ठिपका तसाच.

"भावोजी, आरसा कशावर चमकतोय?"

त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला. बराच वेळ तो हटवला नाही. मग गड्यांना म्हणाले, "दोर घ्या."

खोऱ्यात उतरून आम्ही समोरचा डोंगर चढू लागलो. उजेड सगळा वेळ वर दिसत होता. भीती वाटत नव्हती. देवळात आवाज आपोआप खाली येतो, तसं काहीसं झालं होतं. शिखराखालच्या घळीत रूपजी सापडला, पाय मोडलेला, ओठ सुकलेले. त्याने हाक दिली. मी वर पाहिलं, तर उजेड नव्हता.

आरसा त्याच्या पाठीवरच्या पेटीतच होता. चुरा झालेला.

"मी त वर गेलूच नाय, सायेब. सकालीच पडलू."

"मग वर कोण होतं?"

"मना काय ठाव? मी त तुमालाच हाका मारीत होतू."

शिखरावर कुणी नव्हतं. रूपजीला डोलीतून खाली आणलं, डहाणूला दवाखान्यात नेलं. तो वाचला, पुढे चालूही लागला. आम्ही मुक्काम हलवला असता तर त्या घळीत कुणी डोकावलं नसतं.

नंतर भावोजींनी शिखरावर दुसरा माणूस उभा करून नव्या आरशावर कोन पुन्हा घेतला. तो पहिल्याशी जुळला. म्हणजे उजेड नेमका शिखरावरच होता... आणि तिथे माणूस नव्हता, आरसा नव्हता, शेवटी तर ऊनही नव्हतं. नकाशात आधीचाच कोन गेला. तो कुणी दाखवला, हे मला आजही सांगता येत नाही.